लोप आणि स्वामित्व

इंग्रजी लेखनात अक्षराच्या खांद्याशी लोंबणारे एक चिन्ह असते. तेच ओळीवर बसले की स्वल्पविराम होते आणि वर चढले की त्यास अपॉस्ट्रॉफी म्हणतात. आकाराने तांदळाच्या कणीएवढे, आणि उच्चार तर मुळीच नाही. तरीही चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या इंग्रजीत जेवढा घोटाळा या एका चिन्हाने केलेला आम्ही पाहिला, तेवढा मोठमोठ्या शब्दांनी केलेला पाहिला नाही. या चिन्हाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

मराठीच्या अंगणात इंग्रजीची रोपटी कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु आपणां बृहन्महाराष्ट्रीयांच्या घराचा उंबरठा नेहमीच तीन भाषांनी ओलांडलेला आहे. आम्हां इंदूरकरांपुरते बोलायचे तर घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी, आणि उच्च न्यायालय, विद्यापीठ व दिल्ली यांच्याशी इंग्रजी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता नातवंडे इंग्रजी शाळांत जातात. त्यांच्या वह्या आजोबांसमोर येतात, तेव्हा हा विषय परका राहत नाही.

निवृत्तीनंतर शेजारपाजारची तरुण मंडळी नोकरीचे अर्ज आमच्याकडे तपासावयास आणतात. अर्जाच्या शेवटी “युअर्स फेथफुली” असते, आणि दर तीन-चार अर्जांमागे एकात तरी “युअर्स”मधल्या शेवटच्या अक्षराआधी ते चिन्ह डौलात लटकत असते. विचारले तर उत्तर ठरलेले: “काका, मालकी दाखवायची तर चिन्ह नको का?” हे उत्तर अडाणीपणाचे नाही. त्यात तर्क आहे. “राम’स बुक” म्हणजे रामाचे पुस्तक. तेथे चिन्ह आहे. मग “तुमचा” या अर्थाच्या शब्दाला ते का नसावे? चूक करणारा बहुधा नियम लावूनच चुकतो. म्हणून केवळ तांबड्या शाईने खोडून भागत नाही. नियमाची हद्द कोठे संपते तेही सांगावे लागते.

देवनागरीत लिहिताना एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकतो. इंग्रजीत “त्याचे” या अर्थी येणारा “इट्स” आणि “ते आहे” या अर्थी येणारा “इट’स” हे दोन्ही शब्द कानाला अगदी सारखे आहेत. आपल्या लिपीत उच्चाराप्रमाणे लिहावयाचे तर दोहोंत भेदच उरत नाही. त्यामुळे या लेखापुरते, ज्यात चिन्ह आहे तो शब्द आम्ही चिन्हासह “इट’स” असा लिहू आणि ज्यात नाही तो “इट्स” असा. “युअर” आणि “यू’र”, “देअर” आणि “दे’र”, “हूज” आणि “हू’ज” या जोड्यांनाही तोच न्याय.

या जोड्यांचे मर्म समजण्यासाठी आपणांस इंग्रजी व्याकरणाआधी संस्कृत आठवावे लागेल. “सोऽहम्” हा शब्द आपल्या घरांत कोणी ऐकला नाही असे होणार नाही. मुळात “सः” आणि “अहम्” असे दोन शब्द. संधी होताना “अहम्”मधला “अ” मागल्या “ओ”मध्ये विरून गेला. पूर्वसूरींनी तो नुसता जाऊ दिला नाही. त्याच्या जागी अवग्रहाचे चिन्ह ठेवले. येथे एक अक्षर होते, ते आता नाही, पण विसरू नका, असे ते चिन्ह सांगते. इंग्रजी अपॉस्ट्रॉफीचे मूळ काम हेच. “इट इज” हे दोन शब्द बोलण्याच्या ओघात एकमेकांत मिसळले, “इज”मधला पहिला स्वर गळाला आणि त्याच्या जागी चिन्ह बसले, की “इट’स” झाले. तो इंग्रजीचा अवग्रह आहे.

हे एकदा ध्यानात आले की कसोटी आपोआप हाती येते. संस्कृतात संधीविषयी शंका आली की आपण विग्रह करून पाहतो. येथेही तेच करावे. वाक्यातल्या शब्दाचा “इट इज” किंवा “इट हॅज” असा विग्रह करून पाहावा. वाक्य उभे राहिले तर चिन्ह द्यावे. कोसळले तर देऊ नये. “इट’स रेनिंग” म्हणजे “इट इज रेनिंग”. वाक्य उभे राहिले. “द डॉग लॉस्ट इट्स बोन” येथे “इट इज बोन” म्हणून पाहा. कुत्र्याचे हाडूक राहिले बाजूला, कुत्राच हाडूक होऊन बसतो. “यू’र”चा विग्रह “यू आर”, “दे’र”चा “दे आर”, “हू’ज”चा “हू इज” किंवा “हू हॅज”. “देअर”च्या बाबतीत एक तिसरे भावंडही आहे, “तेथे” या अर्थाचे. त्याला ना मालकी ठाऊक ना लोप. त्याच्या इंग्रजी अक्षरांत “येथे” या अर्थाचा “हिअर” जसाच्या तसा दडलेला आहे. स्थळवाचक शब्दांचे ते नाते लक्षात ठेवले की तोही वेगळा ओळखता येतो.

आता उरली मालकी. नामाला मालकी दाखवायची असेल तर इंग्रजी चिन्ह देते. सर्वनामाला देत नाही. “हिज”, “हर्स”, “आवर्स”, “युअर्स”, “देअर्स”, “इट्स”, “हूज” ही सारी रूपे जन्मतःच षष्ठीची आहेत. “हिज” या शब्दात चिन्ह घालण्याचा मोह आजवर कोणाला झालेला आम्ही पाहिला नाही. “इट्स” हे त्याचेच सख्खे भावंड. थोरल्याला जे नाही ते धाकट्याला कोठून असणार? मुलांना शिकवताना हे एक वाक्य पुरते, असा आमचा अनुभव आहे. मराठीशी ताडून पाहिले तर गोष्ट आणखी सोपी होते. “रामाचा” म्हणताना आपण “राम”चे सामान्यरूप करतो, मग प्रत्यय लावतो. “माझा”, “तुझा” ही मात्र तयार रूपे आहेत. “मी”ला “चा” लावून “मीचा” कोणी म्हणत नाही. सर्वनामे सर्वच भाषांत थोडी मानकरी असतात. त्यांचे नियम त्यांच्यापुरते.

कचेरीत आम्ही नव्याने रुजू झालो तेव्हा एका वयस्क अधीक्षकांनी एक साधा नियम सांगितला होता. कारभार बराचसा हिंदीत चाले. परंतु दिल्लीकडे जाणारी पत्रे इंग्रजीत लिहावी लागत. ते म्हणाले, “शासकीय पत्रात ‘इट’स’ दिसले की अर्थ न पाहता थांबा. मालकीच्या अर्थाने असेल तर ते अशुद्ध आहे, आणि ‘इट इज’च्या अर्थाने असेल तर ते अप्रशस्त आहे.” औपचारिक लेखनात संक्षिप्त रूपे वापरावयाची नाहीत, हा त्यामागचा संकेत. मराठीतही आपण घरात “तो गेलाय” म्हणतो, परंतु शासनाच्या पत्रात “ते गेले आहेत” असेच लिहितो. “गेलाय” हे रूप “गेला आहे”चे तसेच अपत्य आहे, जसे “इट’स” हे “इट इज”चे. फरक इतकाच, की आपण गाळलेल्या अक्षरांची खूण ठेवत नाही. अधीक्षकांचा तो नियम आम्ही पुढे कित्येक कनिष्ठांना दिला. परीक्षेच्या निबंधास, अर्जास आणि कामकाजाच्या पत्रास तो आजही लागू आहे.

परंतु एखादे चिन्ह चुकल्याने बिघडते काय? अर्थ तर कळतोच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी महसुली कामातला एक प्रसंग सांगावासा वाटतो.

एका गावच्या जमिनीचे प्रकरण होते. कुटुंब मराठी, वाटणीपत्र संस्थानी काळातले, मराठीत आणि बाळबोध लिपीत लिहिलेले. शेताच्या वाटण्या झाल्या होत्या. परंतु विहीर आणि तिच्या भोवतीचा पट्टा यांवर “भावांचा हक्क” राहील, असे एका कलमात होते. तिघे भाऊ केव्हाच निवर्तले होते. थोरल्याचा मुलगा ती विहीर आपली एकट्याची म्हणत होता. धाकट्या दोघांच्या विधवा सुना त्या पाण्यावर थोडाबहुत भाजीपाला करून दिवस काढत होत्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे जावयाचे होते, म्हणून कागदांचा इंग्रजी अनुवाद करून घेतला होता. अनुवादकाने लिहिले होते, “ब्रदर’स राइट”. म्हणजे भाऊ एक. पाहिजे होते “ब्रदर्स’ राइट”. चिन्ह शेवटच्या अक्षराच्या अलीकडे असले की मालक एक, पलीकडे असले की अनेक.

अनुवाद मूळ कागदाशी ताडून पाहण्याची आमच्या कचेरीतली रीत अशी, की एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकावे. त्याप्रमाणे ते झालेही होते. परंतु “ब्रदर’स” आणि “ब्रदर्स’” यांचा उच्चार एकच! कानाने ताडणाऱ्याला तो फरक कळणे शक्य नव्हते. तो पकडला आमच्या अभिलेखागारातील एका वृद्ध नकलनवीसांनी. ते जुन्या मराठी घराण्यातले. मोडी वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. इंग्रजी त्यांना बेताचेच येई. त्यांनी टंकलेखकाला एकच प्रश्न विचारला, “मूळ कागदात ‘भावां’वर टिंब आहे. तुमच्या इंग्रजीत ते टिंब कोठे गेले?” टंकलेखक म्हणाला, “इंग्रजीत टिंब नसते, बाबा.” नकलनवीस म्हणाले, “टिंब नसेल. पण भाऊ तीन होते. ते तीन आहेत हे तुमच्या कागदावर कोठेतरी दिसलेच पाहिजे.”

कागद आमच्यासमोर आला. आम्ही तो अनुवादकाकडे परत पाठविला. चिन्ह एका अक्षराने उजवीकडे सरकले, समासात सही झाली, आणि प्रकरण पुढे गेले ते मूळ शब्दांनिशी गेले. न्यायनिवाडा हा न्यायालयाचा अधिकार. परंतु त्या दोन बाया ज्या पाण्यावर जगत होत्या, ते पाणी एका चिन्हाच्या जागेमुळे कागदावरून वाहून जाण्याच्या बेतात होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हापासून “अर्थ तर कळतोच” हे वाक्य आम्हांस सहजासहजी पटत नाही. अर्थ कळतो तो समोर बसलेल्याला. कागद वाचणारा दूर असतो, पुष्कळदा पन्नास वर्षे दूर असतो. बोलणाऱ्याचा चेहरा, त्याचा आवाज, घरची माहिती, यांतले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतात ती अक्षरे आणि त्यांच्या डोक्यावरची चिन्हे.

मोडीचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल, की आपल्या पूर्वजांनी ऱ्हस्वदीर्घाचा भेद न करता आणि विरामचिन्हांशिवाय एवढा राज्यकारभार केलाच ना? केला, हे खरे. परंतु त्या दप्तरातली पत्रे लिहिणारा आणि वाचणारा एकाच प्रघातात वाढलेले होते. तो प्रघात तुटला आणि आज तीच पत्रे लावताना जाणकारांनाही एकेका शब्दापाशी थांबावे लागते. लिहिणाऱ्याने वाचवलेले श्रम वाचणाऱ्याला करावे लागतात.

इंग्रजांचा स्वतःचा इतिहास पाहिला तर मात्र आपण जरा सौम्य होतो. “इट्स” हा शब्द त्यांच्या भाषेत वयाने लहान आहे. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी वस्तूच्या मालकीसाठीही “हिज” हेच रूप चाले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस “इट्स” रूढ होऊ लागले. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या सुविख्यात भाषांतराच्या पहिल्या आवृत्तीत ते नाही. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात ते मोजक्याच ठिकाणी येते, आणि तेथेही बहुतेक वेळा चिन्हासह! “इट इज”चे संक्षिप्त रूप त्या काळी निराळे होते. त्यात “इट”चाच पहिला स्वर गळे आणि “टिज” असे होई. पुढे “टिज” मागे पडले, “इट’स” पुढे आले, आणि एका चिन्हासाठी दोन दावेदार उभे राहिले. अठराव्या शतकातही मालकीचा शब्द चिन्हासह लिहिणारे थोर लोक होतेच. १७८७ साली लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीत एके ठिकाणी तो तसाच आहे. तेव्हा आपल्या नातवाने वहीत तसे लिहिले, तर त्याची संगत वाईट नाही, एवढे त्याच्या आईवडिलांनी जाणावे आणि मग त्यास सुधारावे.

गंमत अशी की “राम’स”मधले चिन्हही मुळात लोपाचेच आहे. जुन्या इंग्रजीत षष्ठीच्या प्रत्ययात एक स्वर असे. तो झिजला, आणि त्याच्या जागी पुढे चिन्ह आले. मध्यंतरी लोकांनी अशी समजूत करून घेतली, की हा प्रत्यय म्हणजे “हिज” या शब्दाचाच अवशेष आहे. म्हणून “राजाचा मुकुट” म्हणण्याऐवजी “राजा त्याचा मुकुट” अशी रचना लिहिली जाऊ लागली. बेन जॉन्सन या नाटककाराच्या १६०५ साली छापलेल्या एका नाटकाच्या नावातच ती आहे. पुढे ही रचना गेली. परंतु एकाच चिन्हावर लोप आणि स्वामित्व अशी दोन ओझी कायमची पडली. सगळा गोंधळ येथून निघतो.

बर्नार्ड शॉ यांना हे चिन्ह नकोसे वाटे. १९१३ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या “पिग्मॅलिअन”च्या छापील संहितेत “डोन्ट”, “यू’र” यांसारखे शब्द त्यांनी चिन्हावाचून छापून घेतले आहेत. परंतु “इट’स”चे चिन्ह मात्र त्यांनीही काढले नाही. काढले असते तर दुसराच शब्द तयार झाला असता. उलट टोकाला, इंग्लंडात २००१ साली जॉन रिचर्ड्‌स या निवृत्त पत्रकाराने या चिन्हाच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढली होती. २०१९ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, लोकांची बेफिकिरी जिंकली अशा आशयाचे निवेदन करून त्यांनी ती मिटवली. पुढे इतरांनी ती पुन्हा सुरू केली. म्हणजे हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे नव्हे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही या ठिकाणी ठेचकाळतात. आता तर मोबाइल फोन आपणहून शब्दांत चिन्ह घालतो; कधी योग्य, कधी अयोग्य. त्यावर विसंबणाऱ्याने विग्रहाची कसोटी विसरू नये.

हे सारे लिहिताना आम्हांस राहून राहून नकलनवीसांचे टिंब आठवते. मराठीत ते टिंब मालकीच्या शब्दांत फार मोलाचे आहे. “त्याचा” आणि “त्यांचा” यांत फरक एका बिंदूचा. परंतु तो बिंदू एकतर माणसे वाढवतो किंवा मान वाढवतो. वडिलांचा उल्लेख करताना तो गाळला तर घरात डोळे वटारले जातात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांना १९६२ साली महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळाली. तेव्हा उच्चारात नसलेले पुष्कळसे अनुस्वार गेले. “केलें”, “गेलें”, “घरें” यांवरचे बिंदू पुसले गेले. आमच्याकडची वडीलधारी मंडळी पुढेही कित्येक वर्षे जुन्याच पद्धतीने पत्रे लिहीत राहिली. परंतु अनेकवचनाचा आणि आदराचा अनुस्वार मात्र नियमकर्त्यांनी राखला, कारण तो गेला असता तर अर्थच गेला असता. कोणते चिन्ह शोभेचे आणि कोणते कामाचे, हा विवेक प्रत्येक भाषेला करावा लागतो.

मालकीच्या बाबतीत मराठीपाशी आणखी एक धन आहे. “तो आपल्या घरी गेला” आणि “तो त्याच्या घरी गेला” ही दोन वाक्ये आपल्या कानाला एक नाहीत. पहिल्यात घर जाणाऱ्याचे स्वतःचे. दुसऱ्यात दुसऱ्या कोणाचे असण्याचा संभव अधिक. इंग्रजीत दोहोंसाठी “हिज” हाच शब्द. इंग्रजी शाळेत शिकलेली आमची नातवंडे आता मराठीतही सर्वत्र “त्याच्या” म्हणू लागली आहेत. “आपल्या” त्यांच्या तोंडून हळूहळू निसटत आहे. “आमचा” आणि “आपला” यांतील भेदाचेही तेच. समोरच्याला आपल्यात धरणारा शब्द “आपला” आणि बाहेर ठेवणारा “आमचा”. इंग्रजी “आवर” हा भेद करीत नाही. ही हानी चिन्हावाचून होत आहे. “आपला” जिथून गळाला तिथे कोणी अवग्रह लिहून ठेवलेला नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच, की नातवंडांच्या इंग्रजी वहीतला “इट्स” तपासताना त्याच बैठकीत “त्याचा” आणि “आपला” यांतला भेदही त्यांना सांगावा. एकाला पाच मिनिटे लागली तर दुसऱ्यालाही पाचच लागतात. जे खरोखर आपले आहे त्याला चिन्ह लागत नाही, हे “इट्स”, “आवर्स” आणि “युअर्स” आपणांस शिकवतात. आणि जे गळून गेले त्याची खूण ठेवावी, हे “इट’स” आणि “सोऽहम्” शिकवतात. आपल्या घरांतून मोडी गेली, जुने अनुस्वार गेले, कित्येक शब्द गेले. त्यांतले सगळे परत आणणे आपल्या हाती नाही. परंतु “आपला” हा शब्द अजून घरात आहे, तोवर तो मुलांच्या तोंडी बसवणे आपल्या हाती आहे.